दाढेवर कॅप: मेटल-सिरॅमिक की झिर्कोनिया? आणि डॉक्टरला नेमकं विचारायचं काय?

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी. खालच्या डावीकडच्या पहिल्या मोठ्या दाढेचं (डॉक्टर तिला छत्तीस नंबर म्हणतात) रूट कॅनल झालंय. कॉलेजात असताना त्यात चांदी भरली होती, ती इतकी वर्षं गुमान बसली आणि परवा दिवाळीच्या उरलेल्या चिवड्यातल्या दगड झालेल्या खोबऱ्याच्या कापाने चांदीसकट दाढेचा जिभेकडचा अख्खा कोपराच नेला. असो. आता दुखणं शून्य, पण डॉक्टर म्हणतायत लगेच कॅप बसवा, नाहीतर रूट कॅनलचे पैसे पाण्यात.

रिसेप्शनवरच्या ताईंनी लॅमिनेट केलेला रेटचा कागद पुढे केला. पीएफएम म्हणजे धातूवर पोर्सिलेन साडेचार हजार, तेच लेझरवालं डीएमएलएस सहा, झिर्कोनिया (म्हणजे धातू नसलेलं, कडक पांढरं सिरॅमिक) अकरा आणि पंधरा वर्षं वॉरंटीवालं झिर्कोनिया सोळा. मी विचारलं फरक काय, तर म्हणे "सर, क्वालिटीचा". आता क्वालिटीचा म्हणजे काय ते आपण समजून घ्यायचं!

तर प्रश्न असे की दुखत नसताना कॅप हवीच का, नुसतं सिमेंट भरून चालत नाही का, आणि मागच्या दाढेला कोण बघतंय, मग झिर्कोनियाचे जास्तीचे पैसे कशासाठी? शिवाय कॅपसाठी चांगली उरलेली दाढ पण चारी बाजूंनी घासतात म्हणे, ते ऐकून जरा पोटात गोळाच आलाय. अनुभवी लोकांनी लिहा प्लीज.

लिमलेट

कॅप टाळू नका हो. आमच्या आतेभावाने असंच "दुखत नाही ना, मग बघू" करत वर्ष काढलं. लग्नाच्या पंगतीत जेवताना दाढ मधोमध उभी फाटली, थेट हिरडीच्या खालपर्यंत. मग ती काढावीच लागली आणि आता इम्प्लांटचे कोटेशन घेत फिरतोय, ते ऐकलं की तुमचे सोळा हजार स्वस्त वाटतील.

सोलापुरी_चटणी

माझी पीएफएम २००९ ची आहे. कडक भाकरी, शेंगाचटणी, हुरडा सगळं चालू आहे, काही झालेलं नाही. फक्त हिरडी थोडी खाली गेली तशी कडेला काळपट रेघ दिसते, ती पण आरशात तोंड वासून बघितलं तर. मागच्या दाढेला मी तरी डोळे झाकून पीएफएम म्हणेन. ज्यांना इन्स्टावर दाढा दाखवायच्यात त्यांनी झिर्कोनिया घ्यावं.

भोचक_भवानी

सगळी दुकानदारी आहे. माझ्या नणंदेच्या ओळखीत लॅबवाले आहेत, तिथून डॉक्टरांना पीएफएम कॅप हजाराच्या आतबाहेर पडते. पेशंटला साडेचार! आणि वॉरंटी कसली हो पंधरा वर्षांची, तोपर्यंत दाढ राहील का, डॉक्टर राहील का, आपण राहू का!

दंतमंजन

आयडीवरून कळलंच असेल, मी दातांचाच डॉक्टर, त्यातही प्रोस्थो म्हणजे कॅपा-कवळ्यावाला. दुकानदारीचा मुद्दा नंतर घेतो, आधी गोदाकाठचा यांचे प्रश्न.

रूट कॅनलमध्ये आतली नस काढलेली असते त्यामुळे दुखणार नाहीच. पण दाढ दुखत नाही आणि दाढ मजबूत आहे या दोन वेगळ्या गोष्टी. कीड काढली, वरून नसेपर्यंत जायला भोक पाडलं, त्यात तुमचा एक कोपरा आधीच गेलेला. आता उरलेत ते मधे पोकळी असलेले पातळ कडे. चावताना सगळा जोर त्यांना बाहेर ढकलतो आणि एक दिवस भेग खाली मुळाकडे जाते. कॅप हे कडे चारी बाजूंनी धरून ठेवते, तिचं मुख्य काम ते, दिसणं नंतर. पुढच्या दाताचं रूट कॅनल झालं आणि दात बऱ्यापैकी शाबूत असेल तर नुसतं फिलिंग पुरतं, तिथे सरसकट कॅप लागत नाही. दाढांचं तसं नाही. काही वेळा वरचे कोपरे तेवढे झाकणारा ऑनले बसवता येतो, त्यात घासावं कमी लागतं, पण एक कोपरा अख्खाच गेला असेल तर बघूनच सांगता येईल.

आता घासण्याचं. चावायच्या पृष्ठभागावरून साधारण दीड ते दोन मिलिमीटर आणि बाजूने एक-दीड मिलिमीटर जातं, धातू अधिक पोर्सिलेन असेल तर जागा जास्त लागते कारण दोन थर बसवायचे असतात. अख्ख्या झिर्कोनियाला त्यामानाने कमी चालतं.

पण माझ्या मते तुम्ही मटेरियलच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. डॉक्टरांना विचारा, हिरडीच्या वर माझी स्वतःची, खरी, न किडलेली दाढ चारी बाजूंनी किती उंच उरली आहे? दीड-दोन मिलिमीटरचं कडं सलग मिळत असेल तर कॅप त्या कड्याला धरून बसते. आम्ही त्याला फेरूल म्हणतो. ते नसेल आणि सगळी कॅप नुसत्या भरलेल्या सिमेंटवर उभी असेल तर सोळा हजाराची कॅप सुद्धा सिमेंटसकट हातात येते. तुमचा जिभेकडचा कोपरा कुठपर्यंत तुटलाय त्यावर सगळं आहे. तो हिरडीच्या खाली गेला असेल तर आधी हिरडी थोडी खाली घ्यावी लागते (क्राउन लेंग्थनिंग), हे कोणी सांगत असेल तर लगेच पैसे उकळतोय असं समजू नका. आतमध्ये पोस्ट म्हणजे फायबरची काडी घालतात ती वरचं फिलिंग धरायला, तिने दाढ मजबूत होत नाही.

गोदाकाठचा

@दंतमंजन, मनापासून आभार डॉक्टर. हे असं कोणी समजावूनच सांगत नाही. कोपरा हिरडीच्या जरा वरच तुटलाय बहुतेक, जिभेला कड लागते. मटेरियलबद्दल पण लिहा ना.

भोचक_भवानी

डॉक्टरांनी दुकानदारीचा मुद्दा "नंतर घेतो" म्हणून शिताफीने बाजूला ठेवला हे नोंदवून ठेवते. :)

दंतमंजन

घेतो, घेतो. लॅबचं बिल हा कॅपच्या खर्चाचा एक तुकडा. जागेचं भाडं, असिस्टंटचा पगार, ऑटोक्लेव्ह (अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र), मापाचा सिलिकॉन, भुलीचं इंजेक्शन, आणि कॅप नीट बसली नाही तर परत पाठवून दुसरी करायचा खर्च, हे सगळं त्या साडेचारात असतं. शिंप्याला कापडाचा भाव विचारून शिलाई ठरवत नाही ना आपण? हां, पण एकाच लॅबची एकच झिर्कोनिया कॅप दोन वेगळ्या नावांनी दोन भावांत विकणारेही आहेत, नाही म्हणत नाही. म्हणून वॉरंटी कार्ड घ्यायचं, त्यावर कंपनीचं नाव आणि नंबर असतो. आणि वॉरंटी कॅप तुटली तर नवी कॅप मिळण्याची असते. खालची दाढ किडली तर कोणी भरपाई देत नाही, हे कार्डामागच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

मेणाचा_साचा

लॅबवाल्यांचा विषय निघाला म्हणून लिहितोय, एरवी वाचनमात्र असतो. कोल्हापुरात डेंटल लॅबमध्ये सिरॅमिकचं काम करतो, बरीच वर्षं. पेशंटला आमचं तोंड दिसत नाही आणि आम्हाला पेशंटचं तोंड म्हणजे प्लास्टरचं मॉडेल.

पीएफएम कशी बनते सांगतो म्हणजे भावातला फरक कळेल. आधी धातूची पातळ टोपी, तीन ते पाच दशांश मिलिमीटर. पूर्वी मेणात कोरून ओतीव काम करायचो, आता बऱ्याच ठिकाणी लेझरने धातूची पावडर थरावर थर वितळवून करतात, तेच तुमचं डीएमएलएस. फिटिंग ओतीवपेक्षा एकसारखं येतं, बाकी वरचं पोर्सिलेन तेच. धातू बहुतेक वेळा निकेल-क्रोमियम नाहीतर कोबाल्ट-क्रोमियम. ज्या बायकांना खोट्या कानातल्यांनी कान चिघळतात त्यांनी डॉक्टरांना आधीच सांगावं, ती निकेलची ॲलर्जी असू शकते.

त्या टोपीवर पहिला थर ओपेकचा, पांढुरका, धातूचा काळेपणा झाकायला. मग डेंटिनची पावडर पाण्यात कालवून ब्रशने चढवायची, टोकाला एनॅमलची जरा पारदर्शक पावडर, टिश्यूने पाणी शोषायचं, परत चढवायची. मुद्दाम मोठी बांधायची कारण भट्टीत आक्रसते. नऊशे डिग्रीच्या आसपास व्हॅक्युम भट्टीत भाजायची, बाहेर काढून बघायची, कमी पडलं तिथे परत पावडर, परत भट्टी, शेवटी ग्लेझ. हे सगळं हाताने. चांगल्या माणसाच्या हातची पीएफएम शेजारच्या दाढेत ओळखू येत नाही, आणि घाईत केलेली पांढरी शुभ्र गोळी दिसते.

झिर्कोनियाचं उलटं. कॉम्प्युटरवर डिझाइन, मग खडूसारख्या मऊ चकतीतून मशीन कॅप कोरून काढते, तीही वीस-पंचवीस टक्के मोठी. मग पंधराशे डिग्रीच्या भट्टीत आठ-दहा तास, तिथे आक्रसून बरोबर मापाची आणि इतकी कडक होते की नंतर तिला घासायला डॉक्टरांचे डायमंड बर (घासायच्या मशीनची टोकं) झिजतात. ईमॅक्सचा (हे काचेच्या जातीचं सिरॅमिक) ब्लॉक तर कोरताना चक्क जांभळा असतो, भट्टीतून आला की दाताच्या रंगाचा. नवीन पोरं लॅबमध्ये आली की ते बघायला उभी राहतात.

मागच्या दाढेला अखंड झिर्कोनिया चांगलं एवढ्यासाठी की त्यावर वेगळा थर नाही, त्यामुळे टवका उडत नाही. पीएफएमचं दुखणं तेच, धातू शाबूत राहतो आणि वरच्या पोर्सिलेनचा टवका जातो. पण "लेअर्ड झिर्कोनिया" घेतलं तर त्यावरही पोर्सिलेनच असतं, तिथे टवका उडतोच. नुसतं झिर्कोनिया म्हणून पैसे मोजू नका, अखंड की लेअर्ड ते विचारा.

आणि एक. आमच्याकडे येणाऱ्या मापांत कड नीट उठलेली नसते, लाळेचा बुडबुडा असतो, दाढ आणि हिरडी कुठे भेटतात तेच दिसत नाही. स्लिपवर शेड (दाताच्या रंगाचा नंबर) ए-टू आणि खाली "अर्जंट". अशा मापावर सोळा हजारवाली करा नाहीतर साडेचारवाली, कडेला फट राहणारच. फोन करून माप परत मागितलं की काही डॉक्टर लॅब बदलतात. आमचं पोट त्याच्यावर, मग काय, अंदाजाने कड काढून देणारे देतात.

लिमलेट

@मेणाचा_साचा, दंडवत! इतके दिवस वाचनमात्र का होता? यावर वेगळा लेखच लिहा.

दंतमंजन

मेणाचा साचा यांच्या शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के अनुमोदन, आमच्याच लोकांना झोंबणारं असलं तरी. रूट कॅनल झालेल्या दाढेला वेदना नाही, म्हणून कडेच्या फटीतून कीड आत शिरली तरी पेशंटला पत्ता लागत नाही. कॅप हलायला लागते, वास येतो, तेव्हा उघडून बघावं तर खाली तपकिरी चिखल. म्हणून चिकटवायच्या आधी ट्रायलच्या वेळी एक्सरे काढून कड बघायला सांगा, आणि फ्लॉस (दातांच्या फटीत घालायचा दोरा) दोन्ही बाजूंनी घालून बघा. टक् करून अडत गेला पाहिजे. सरळ आरपार गेला तर जेवणानंतर तिथे मेथीची काडी अडकलीच समजा, रोज.

कमी लेखू नये अशी गोष्ट म्हणजे चावा. निळा-लाल कागद चावायला देतात तेव्हा "बरं वाटतंय, बरं वाटतंय" म्हणून उठू नका. भूल दिली असेल तर नीट कळतही नाही. घरी गेल्यावर पहिली तीच दाढ टेकतेय असं वाटलं तर दोन-चार दिवसांत परत जा, आणि कॅप घासली तर तिथे पॉलिश करून घ्या. खडबडीत राहिलेलं झिर्कोनिया समोरची नैसर्गिक दाढ झिजवतं, गुळगुळीत पॉलिश केलेलं फारसं नाही.

रात्री दात खाणारे असाल तर तेही डॉक्टरला सांगा. त्यांना पीएफएमचा टवका लवकर जातो, आणि कुठलीही कॅप घेतली तरी नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं आवरण) लागतो.

अटलांटिक_पार

इथे न्यू जर्सीत क्राउनचं कोटेशन ऐकून मी खुर्चीतून उठलो. इन्शुरन्स आहे पण क्राउन "मेजर" मध्ये जातो, निम्मेच देणार आणि वर्षाची एकूण मर्यादा दीड हजार डॉलर, ती रूट कॅनलमध्येच संपली. डिसेंबरात पुण्याला येतोय तीन आठवडे. तेवढ्यात होईल का? माझ्या बहिणीला लंडनला एनएचएसमधून (तिथली सरकारी आरोग्यसेवा) बॅंड थ्री या दरगटात तीनशेहून थोड्या जास्त पौंडात झाली, पण तिथे नंबर लागायलाच जन्म जातो म्हणते.

दंतमंजन

@अटलांटिक पार, रूट कॅनल झालेलं असेल आणि गाठ-सूज नसेल तर आरामात होईल. पहिल्याच आठवड्यात माप द्या. लॅबला आठवडा लागतो, स्कॅनर असलेल्या ठिकाणी लवकर. शेवटचे सात-आठ दिवस हातात ठेवा, चावा जमवायला. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी कॅप चिकटवून घेणारे दर डिसेंबरात भेटतात, मग तिकडून व्हॉट्सॲपवर विचारतात डॉक्टर उंच लागतेय. तिकडच्या रूट कॅनलचे एक्सरे ईमेलवर घेऊन या.

विदर्भवासी

भाऊ, साडेचार हजार बी कुठून आणावं अशी परिस्थिती असलेले लोक बी हा धागा वाचत असतील, त्याइच्यासाठी लिहून ठेवतो. नागपुरात मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) आवारात गव्हर्नमेंट डेंटल कॉलेज आहे, संभाजीनगरात घाटी हॉस्पिटलजवळ आहे, मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर डेंटल. कॅप खासगीपेक्षा पुष्कळ स्वस्तात होते. माझ्या बायकोची प्रोस्थोच्या पीजी पोरीने केली. टाइम लागते, लई टाइम लागते, सकाळी केसपेपरच्या लाइनीत उभं राहा, मग पोरगी माप घेईल, सर येऊन बघतील, नाही म्हणतील, परत माप. पण ते सर नाही म्हणतात ना, तेच तर पाहिजे. बाहेर कोण नाही म्हणते?

सोलापुरी_चटणी

हे भारी सांगितलं. गोदाकाठचा, तुमच्या नाशकात पंचवटीत केबीएच डेंटल कॉलेज आहे, खासगी आहे पण कॉलेजच, चौकशी करून बघा.

गोदाकाठचा

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांकडे जाऊन आलो. फेरूल शब्द उच्चारल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं, मग एक्सरे स्क्रीनवर मोठा करून दाखवला. जिभेकडे दीड मिलिमीटरच्या आसपास मिळतंय, बाकी तिन्ही बाजूंनी भरपूर. अखंड झिर्कोनिया ठरवलं, अकरावालं. सोळावाल्यात जास्त काय विचारलं तर म्हणाले दिसायला जरा पारदर्शक असतं, मागे गरज नाही. बाईंनी उगाच कागद पुढे केला होता म्हणजे!

माप झालं, सध्या तात्पुरती प्लास्टिकची कॅप आहे, लवंगेसारखा वास येतो तोंडाला. ही असताना काय पथ्य? आणि ही अशीच महिनाभर चालवली तर? पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या कामाने बाहेरगावी जायचंय.

दंतमंजन

तो वास सिमेंटमधल्या युजेनॉलचा, लवंगेच्या तेलातला घटक, काळजी नको. चिक्की, तिळगूळ, च्युइंगम बंद, दुसऱ्या बाजूने चावा, आणि फ्लॉस घातला तर वर न ओढता बाजूने काढून घ्या. महिनाभर नको. तात्पुरती झिजते, सुटते, आणि ती नसताना शेजारच्या दाढा कलतात, समोरची खाली उतरते, मग लॅबहून आलेली कॅप बसत नाही आणि मेणाचा साचा यांना फुकट शिव्या बसतात. बाहेरगावी सुटली तर मेडिकलमध्ये टेंपररी सिमेंट मिळतंय का बघा, नाहीतर तशीच जवळ ठेवून आल्याआल्या दाखवा.

मेणाचा_साचा

शिव्यांची सवय आहे डॉक्टर. गोदाकाठचा, शेड कधी घेतली? दाढ घासायच्या आधी, दिवसाच्या उजेडात घ्यायला पाहिजे. तास-दीड तास तोंड उघडं राहिलं की दात वाळून फिके दिसतात, तेव्हा घेतलेली शेड दुसऱ्या दिवशी पांढरी वाटते. आणि दात पांढरे करून घ्यायचा विचार असेल तर कॅप बनायच्या आधी सांगा, नंतर दात उजळतील, कॅप आहे तशीच राहील.

गोदाकाठचा

शेड घासायच्या आधीच घेतली, खिडकीशी नेऊन. ए-थ्री निघाली. चहाची कृपा.

भोचक_भवानी

बरं, आता एक खरा प्रश्न. दुकानदारी मागे घेते, निम्मी तरी. आईची जुनी कॅप काल भाकरी खाताना निघून आली, कॅप धड आहे. भाऊ म्हणतोय फेविक्विक लावून बसवू. डॉक्टर सोमवारी भेटणार. काय करू?

दंतमंजन

भावाच्या हातातून फेविक्विक आधी काढून घ्या. हिरडी भाजते, आणि कॅप तिरकी चिकटली की ती कापून काढावी लागते, मग धड कॅप पण गेली. कॅप धुऊन डबीत ठेवा, टिश्यूत गुंडाळून ठेवू नका, घरात कोणीतरी कचरा म्हणून टाकतं हमखास. आईंना त्या बाजूने चावू देऊ नका, ब्रश मात्र तिथेही हलक्या हाताने करायला सांगा. आणि जेवायला बरं पडतं म्हणून ती नुसती दाढेवर ठेवून देतील तर झोपायच्या आधी काढायला लावा, झोपेत घशात जाते. आतमध्ये मऊ, काळपट काही दिसलं तर फोटो काढून ठेवा, सोमवारी डॉक्टरांना दाखवा.